टाचा

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरांनी
ओजसचे पाय वाकवून पाहिले, दाबून पाहिले.
हाडं चांगली आहेत, म्हणाले. शिराही.
मग हा चवड्यांवर काहून चालतो?

मी म्हटलं, उन्हाळ्यात आमच्या गच्चीची फरशी
तव्यासारखी तापते ना, तेव्हापासून.
सांगायला ते कारण बरं होतं.

गांधीबागेत आम्ही दुसऱ्या माळ्यावर.
खाली घरमालक धकाते काका, त्यांचा रक्तदाब,
आणि छताला ठोकायची त्यांची काठी.
वाटी पडली की ठक्.
पोट्टं धावलं की ठक् ठक्.
हा रांगत होता तेव्हापासून
दिवसातून शंभरदा म्हटलं असेल मी, हळू.
याचे बाबा तर बोलायचेही नाहीत,
जेवता जेवता नुसतं एक बोट
खाली दाखवायचे.

आता नंदनवनात तळमजला आहे.
कूलर रात्रभर घरघरतो, कुकर शिट्ट्या मारतो,
कोणी काही म्हणत नाही.
मी अजून स्टीलचे डबे
टॉवेल अंथरून ठेवते.

तान्ह्या पोळ्याला त्याला बैल घेतला,
लाकडी, चार चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला.
गल्लीतली पोरं दारोदार बोजारा मागत
बैल ओढून राहिली होती,
डांबरावर नुसता खडखडाट.
हा बैल छातीशी धरून उभा.
ठेव ना खाली, म्हटलं. ओढ.

त्यानं रस्त्याकडे पाहिलं.
मग माझा पदर ओढून मला वाकवलं
आणि कानाशी विचारलं,
आई, याच्या खाली कोण राहते?