रिकामी फेरी

मायणीच्या अलीकडं, जुन्या तळ्याच्या भिंतीला टेकून
पाटबंधारे खात्याची चौकी होती. चौकीदार नव्हता.
तिथं आम्ही निसर्ग केंद्र मांडलं:
दोन खोल्या, एक पत्र्याचं कपाट,
कपाटात बरणी, बरणीत धामणीची कात,
आणि एक कवटी, जिच्याखाली सानिया मुल्लानं
दुसरीत असताना लिहून ठेवलंय,
'खोकड. आता चावत नाही.'

मी वडूज आगाराचा कंडक्टर, बत्तीस वर्षं.
कमरेची बॅग सुटली,
मागून पुढं माणसं मोजत जायची खोड नाही सुटली.
फळ्यावर कार्यक्रम मीच लिहितो.
देशमाने बाई म्हणतात, तुमचं अक्षर
गाडीच्या पाटीसारखं लांबून वाचता येतं.

श्रावण. बेडूक ऐकणे. रात्री आठ. गमबूट असल्यास आणावेत.
कुणाकडंच नसतात.
बॅटऱ्या विझवून डबक्याकाठी उकिडवं बसायचं.
एक बेडूक कंगव्यावर नख ओढतो,
एक घाटात पहिल्या गिअरवर चढतो.
पोरांना हसू फुटलं की अख्खं डबकं गप्प,
आणि मग पाच मिनिटांनी
कुणीतरी एक धीट
अंधाराला विचारून बघतो: जाऊ का पुढं?

कार्तिकात गवत. त्याला माणसं येत नाहीत फार.
पुण्याहून एक अभ्यासक आले होते, भिंग घेऊन.
बिरू काळेल त्यांच्यापुढं चालला,
हे पवन्या, हे मारवेल, हे कुसळ, धोतर सांभाळा.
एकाचं नाव त्यालाही येईना.
म्हणाला, याला मेंढरू दसऱ्यापतुर तोंड लावतं,
नंतर न्हाई.
अभ्यासकांनी तेवढंच लिहून घेतलं.

आणि पौषात हंस. पहाटे साडेपाच.
हिमालयावरून येतात, डोक्यामागं दोन काळ्या पट्ट्या,
तिकिटाला दोनदा पंच मारल्यासारख्या.
त्या साली एकेचाळीस पोरं आली,
कानटोप्या, मफलर, एकाच्या अंगावर आजोबांचं घोंगडं.
धुकं उठलं. पाणी दिसलं.
पाण्यावर पाणीच होतं.
सात वाजले. आठ. एक पाणकावळा
खुंटावर पंख वाळत घालून बसला, पाहुण्यांकडं पाठ करून.
घोंगड्यातून आवाज आला,
काका, गाडी चुकली का त्यांची?

चहा झाला. बाईंनी नोंदवही उघडली, पेन उचललं,
आणि धरून ठेवलं.
म्हणाल्या, आजचं पान सोडून देऊ या.
मी म्हटलं, नाही बाई.
मुक्कामाची गाडी पहाटे निघायची गावातून,
कधी कधी एक माणूस नसायचं.
मी आणि ड्रायव्हर पवार, आणि खडखडणारे बाक.
तरी प्रत्येक थांब्यावर थांबायचं, डबल बेल द्यायची,
आणि वेबिलात लिहायचं:
प्रवासी निरंक. उत्पन्न निरंक. फेरी पूर्ण.
रद्द फेरी वेगळी, बाई.
रिकामी फेरी वेगळी.

मग त्यांनी लिहिलं, पट्टकदंब हंस: निरंक.
निरीक्षक: त्रेचाळीस. साडेपाच ते नऊ.
सानिया आता नववीत. तिनं खाली भर घातली,
थंडी: भरपूर.

वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधलं.
मी, बिरू, दोन पोरं, एक थर्मास.
मध्यरात्रीनंतर वळवाचा ढग चढला,
चंद्रच झाकून बसला.
आणि खाली कुणीतरी पाणी प्यायलं.
लप. लप. मधेच थांबून,
मान वर करून ऐकल्यासारखं.
पुन्हा लप लप, तहान पुरी होईपर्यंत.
बिरूनं माझं मनगट धरलं होतं.
बॅटरी पोरांच्या हातातच होती,
कुणी लावली नाही.

उजाडलं तर शेळ्या आधीच येऊन गेलेल्या,
सगळा चिखल खुरांनी चाळलेला.
आम्ही चौघांनी चार जनावरं सांगितली.
वही माझ्याकडं होती. मी लिहिलं,
रात्री दोन चाळीस. प्रवासी एक.
चढताना पाहिला नाही.
उतरतानाही नाही.