सत्तर मीटर

पुलाच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाची रेघ आहे,
तिथून निघायचं.
डावीकडे कालवा, उजवीकडे गाई,
आणि समोर इतकं सपाट
की उद्या येणारा पाहुणा आजच दिसावा
आणि त्याच्यासाठी आजपासूनच चेहरा नीट करावा.

पूर्व फ्रिसियात चढ हवा असेल
तर वाऱ्यालाच सांगावं लागतं.
जाताना तो छातीवर तळहात टेकून उभा,
उधारी मागायला आल्यासारखा.
येताना पाठ थोपटतो,
जसं काही झालंच नव्हतं.

पहिल्या किलोमीटरला वीटभट्टी, बंद.
दुसऱ्याला टिटव्या. एप्रिलात टोपी घाल,
पिल्लं असली की त्या डोक्याचा नेम धरतात.
तिसऱ्याच्या आसपास जलद्वार.
तिथला राखी बगळा कुणासाठी हलत नाही,
मी सोळा वर्षं प्रयत्न करते आहे.
चौथ्याला काही नाही.
चौथ्याला खरंच काही नाही, पाणी आणि तू
आणि बुटातला तो एक खडा.
पाचव्याला गेशेच्या घरासमोर लाकडी खांब,
त्यावर पुन्हा तीच पांढरी रेघ. हात लाव, वळ.

हे सगळं तिच्या नवऱ्यानं मोजलं. हाब्बो, पोस्टमन.
सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये सायकलच्या आरीला
लाल चिंधी बांधली, आणि चिंधी खाली आली की एक,
असं पुटपुटत गेला पुलापासून इथवर.
वाटेत लोकांनी 'मोइन' म्हटलं, त्यानं उत्तर दिलं नाही.
आमच्याकडे सकाळी, दुपारी, मध्यरात्रीही मोइनच म्हणतात,
आणि कोण म्हणालं नाही ते लक्षात ठेवतात.

गेल्या ऑक्टोबरात माझी भाची टोमके आली, मनगटावर घड्याळ.
खांबाला हात लावून म्हणाली, "चार हजार नऊशे तीस."
मी म्हटलं, बिघडलंय.
मग तीन घड्याळं बिघडली.
माझी सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद,
जी स्वयंपाकघरात फ्रेम करून लावलीत,
त्यांच्याकडे मी आठवडाभर पाहिलं नाही.

गेशेनं चहा ओतला. कपात खडीसाखर तडकली.
साय ढवळायची नसते, म्हणून आम्ही साईकडे बघत बसलो.
"टायर मऊ होता," ती म्हणाली.
"पंप पलीकडच्या आयलर्टकडे,
आणि त्या साली चरावरून अबोला."
चर म्हणजे दोन कुरणांमधला, हातभर रुंद,
त्यात बदकही अवघडून बसतं.

आयलर्ट आता चौऱ्याऐंशीचा. फाटकात उभा होता.
विचारलं, तर पाण्याकडे पाहत राहिला.
एक होडी गेली. तिच्या लाटा
काठाला लागून लागून थांबल्या.
"मागितला असता तर दिला असता," म्हणाला.
आणि मी निघाल्यावर, पाठीमागून:
"टायरचं काय घेऊन बसलीस.
माझा चर ओलांडायचा नव्हता त्याला."

समितीत ठराव आला, खांब पुढे सरकवावा.
गेशे विरोधात. आयलर्टही विरोधात;
दोघांचे हात एकाच वेळी वर गेलेले
मी पहिल्यांदा पाहिले, आणि दोघांनी
एकमेकांकडे न बघता ते खाली घेतले.

तेव्हा खांब आहे तिथेच आहे.
हात लाव, हवं तर वळ, दहा किलोमीटर म्हण,
गावात कुणी हसणार नाही.
मी थोडी पुढे जाते.
चरावर फळी टाकलीय, ओली असली की सटकते,
पलीकडे पोटऱ्यांना झोंबणारा पाला.
सत्तर मीटर कुणाच्या दारात संपत नाहीत,
कुंपणाच्या एका तारेपाशी संपतात,
तारेला लोकर अडकलेली असते.
तिथे श्वास घेते. आयलर्ट एक बोट वर करतो.
मोइन, मी म्हणते,
दम लागलेला असला तरी.