नऊ खेपा

पायऱ्या सोडून आम्ही ओढ्यातनं वर निघालो.
खाजामियाँचा हट्ट. म्हणाले,
पाण्याला भेटायचं तर पाण्याच्या वाटेनं जावं,
सरकारी वाटेनं जन्मभर गेलोच की.

भादवा उतरणीला. सौताड्याची दरी
दोन्ही अंगांनी काळी, थरावर थर,
कुणी शिळ्या भाकरी रचून ठेवाव्यात
आणि खायला यायचं विसरावं, तशी.
एका थरात सिताफळीचं झुडूप,
त्यावर लिंबाएवढी हिरवी फळं
आणि ती पिकायची वाट बघत बसलेलं वानर.

माझा डावा गुडघा दगडागणिक बोलत होता.
खाजामियाँ पुढे. अडुसष्ट वय,
रबरी बूट, खांद्याला नायलॉनची पिशवी,
पिशवीत जर्मनचा तांब्या.
शेवाळावर पाय टाकायचे
क्लच सोडल्यासारखा,
हळू, हळू, अजून हळू.

मी पाटोद्याकडं ग्रामसेवक होतो.
ते टँकर चालवायचे, बारा हजार लिटरचा,
मागच्या व्हॉल्व्हला सुतळी बांधलेली.
वही मी भरायचो. ते सही करायचे
उर्दूत, उजवीकडून.
त्यामुळं आमच्या सह्या
पानाच्या मध्यावर एकमेकींना भेटायच्या.

वळणापर्यंत आवाज नव्हता.
म्हणजे होता, आम्हाला तो वारा वाटला.
मग दगड ओले झाले. मग चष्मा.
एक खेकडा आडवा गेला, तहसीलात काम असल्यासारखा.
चष्मा पुसून वर बघितलं :
विंचरणा पडत होती.
रामेश्वराच्या देवळात कुणी घंटा वाजवत होतं,
हात हलताना दिसला, एवढंच.

खाजामियाँ बराच वेळ तोंड वर करून.
दाढीतून ठिबकत होतं.
मला वाटलं, आता अल्लाचं नाव घेतील.
म्हणाले, "मिनटाला एक टँकर.
न्हाई. दीड."

मग, "साहेब."
ओरडूनच बोलावं लागत होतं तिथं,
म्हणून पुटपुटत सांगायची गोष्टही
त्यांनी ओरडून सांगितली :
"त्या मे महिन्यात, वहीत हप्त्याला चौदा खेपा हायत.
मी नऊ आणल्या."

मला ठाऊक होतं.
उरलेल्या पाच कुठं मुरल्या, तेही.
फोन कुणाचा होता, तेही.
ठाऊक नव्हतं ते इतकंच, की
उर्दूत सही करणाऱ्या माणसाला
चौदाचा आकडा वाचता येत होता.

दैवशाला म्हणून एक पोरगी होती.
कळशी उपडी घालून तिच्यावर बसायची
आणि मी दिसलो की विचारायची,
"सर, दहावी कधी?"
मी म्हणायचो, "आधी सातवी तर पास हो."
बाया हसायच्या.
मी पण हसायचो.

खाजामियाँना मी ओरडून काहीतरी बोललो.
त्यांनी कानाला हात लावला, पुन्हा सांगा म्हणून.
मी पुन्हा बोललो नाही.

ऊन दरीत उतरलं, ओंजळभर.
त्यांनी तांब्या काढला.
एवढी नदी समोर कोसळत असताना
डबक्यातून एकच तांब्या भरला
आणि त्या एका तांब्यात
हात, चूळ, नाक, तोंड, कोपर,
डोक्यावरून ओला हात, मग पाय,
सगळं बसवलं.
पश्चिमेला कडाच होता.
कोरडासा दगड बघून ते कड्याकडं तोंड करून उभे राहिले.

मी त्यांचे बूट सांभाळत बसलो.

उठल्यावर तांब्या माझ्यापुढं केला.
तळाशी चार घोट उरले होते.
"गुडघ्याला लावा," म्हणाले, "गार हाय."
मी नखशिखांत भिजलेला होतो.
तरी लावलं.

येताना पायऱ्यांनीच आलो.
ते मोठ्यानं मोजत होते, मी मनात.
वर आल्यावर त्यांच्या अकरा कमी भरल्या.
कुणाच्या खऱ्या,
ते मी विचारलं नाही.
चहावाल्यानं दोन कप ठेवले,
आणि खाजामियाँ सवयीनं म्हणाले,
"लिवून ठेव रे."