किमान मनुष्यबळ

अणुभट्टी बंद होऊन नऊ वर्षं झाली.
गेटवरची पाटी तेवढी अजून ‘वीजनिर्मिती’ म्हणते,
तीही ‘निमिती’. रफार वाऱ्यानं नेला असावा,
भीमेकडं.

एका पाळीला आम्ही त्रेचाळीस होतो.
मग एकोणीस. मग अकरा.
गेल्या मार्चपासून रात्रीला तिघं,
मी, सिद्राम हत्तुरे, आणि गेटवर शकूर नदाफ,
ज्याला योजनेत ‘सुरक्षा दल’ म्हटलंय.

आपत्कालीन योजना आधी चार फायलींची होती.
सोळा किलोमीटरचं वर्तुळ, त्यात अठ्ठावीस गावं,
कुठल्या गावाला किती एस.ट्या, कोणत्या शाळेत किती सतरंज्या,
आयोडीनच्या गोळ्या कुणाच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडं.
आता वर्तुळ कुंपणाशी येऊन थांबलंय.
मोठ्या साहेबांनी ते पेन्सिलनं काढलं
आणि चहा मागितला.

धोका निवलाय, म्हणाले. खोटं नाही ते.
उरलेलं इंधन कुंडात आहे, सात मीटर पाण्याखाली,
कडब्याच्या पेंढ्यांगत उभं रचलेलं.
पाणी गेलंच समजा, तरी हाताशी दहा तास.
दहा तासांत माणूस पुण्याला जाऊन येतो,
वर जेवतो.
एकदा हे हिशेबात बसलं की माणसं कमी करता येतात.

तालीम मात्र दर तीन महिन्यांनी. काल होती.
दोन वाजून दहा मिनिटांनी मी जाहीर केलं, कुंडातलं पाणी घटतंय.
पाळीप्रमुखानं संपर्क अधिकाऱ्याला कळवायचं असतं.
दोन्ही मीच.
नियम म्हणून फोन लावला. एंगेज लागला.
सिद्राम हसला, आणि पंपावरचा सिद्राम
आग विझवणाऱ्या सिद्रामला शोधायला गेला.
यादीत तिसरा नंबर आडके साहेबांचा.
सुनेनं उचलला. म्हणाली, दिवाळीतच गेले ते,
तुम्हाला कुणी कळवलं नाही का?
मी नोंदवहीत लिहिलं, संपर्क झाला.
मग खोडलं. मग नुसती वेळ लिहिली.

तेवढ्यात माझाच मोबाइल.
विडी घरकुलातून राजमणी.
पाणी आलंय, उद्याचं आजच सोडलंय मेल्यांनी,
मोटर ओढंना, शेजारी कुलूप,
एकटी किती भरू? तुम्ही कधी येताय?
सहाला, म्हटलं.
सहाला नळ कोरडा असतो, हे तिला ठाऊक, मला ठाऊक.
तिथं काय पेटलंय एवढं?
काही नाही गं. तेच बघत बसायचं असतं.

ती थोडा वेळ बोलली नाही.
मागं बादलीत धार पडत होती,
बारीक, थांबत थांबत.

मला मागचा मे आठवला.
नदीत नुसते खडक,
आणि कुंडासाठी दोन टँकर मागवलेले.
रोज वाफेनं जातं बोटभर, ते भरावंच लागतं.
रस्त्याला बायका घागरी घेऊन उभ्या.
नदाफनं गेट उघडलं, नजर मातीत.
एकीनं विचारलं, आत एवढं पाणी पितं तरी कोण?
तो म्हणाला, कुणी नाही मावशी,
निजलंय, त्याच्या अंगावर घालायचंय.
ती म्हणाली, आमचीबी लेकरं निजल्यातच की.

तालीम अठ्ठावन्न मिनिटांत संपली.
‘मनुष्यबळ’ या रकान्यात एकाच शब्दाची जागा आहे.
पुरेसं, लिहिलं. सही केली,
खाली दुसऱ्या पदाचीही.
बॅटरी घेऊन कुंडाच्या कठड्याशी गेलो.
पट्टीवर पाणी जिथं होतं तिथंच,
दिव्याखाली निळं, एक तरंग नाही.
इतकं पाणी मी गावात कुठं पाहिलेलं नाही.

साडेतीनला मेसेज आला.
दोन पिंपं भरली. घागरी राहिल्या.
नोंदवहीत याला रकाना नाही.
समासात लिहिलं,
दोन पिंपं.