टाळूवरचा आवाज

पहाटे समुद्राकडून धुकं इतकं आत येतं
की गाडीचा पत्रा ओला असतो आणि नदी कोरडी.
मुहारुकुआ बाहीने काच पुसतो.
कुणी काही बोलत नाही.

गुइबेब उतरतो. बासष्ट वर्षं,
दोन गुडघे, त्यातला एक चांगला.
खिशातून मोजा काढतो, शाळकरी पोराचा,
आत राख. दोनदा झटकतो.
राख आमच्याकडेच येते, माझ्या चष्म्यावर बसते.
चांगलं आहे. वारा तिच्याकडून आपल्याकडे.

मग माग.
इथं माती अशी नाहीच, लाल दगड,
ऊन खाऊन खाऊन वरून काळे पडलेले.
एक उलटा पडलाय.
आज, असं गुइबेब बोटाने म्हणतो.
दगडाची खालची ओल अजून सुकलेली नाही.

पुढे शेराचं झुडूप,
ज्याचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो.
तिने ते न्याहारीला खाल्लंय.
फांद्या तिरक्या, स्वच्छ,
अडकित्त्यात धरून कापल्यासारख्या.
चीक टपकतोय. मी वही काढते.

वेळ : सात चाळीस.
मागचा डावा पाय : चोवीस सेंटिमीटर.
तळव्याच्या भेगा मी मोजत नाही,
त्या गुइबेबला पाठ आहेत.
"तीच."
म्हणजे एकेचाळीस नंबर.
म्हणजे जिचं शिंग आम्हीच करवतीने उतरवलं
दोन वर्षांपूर्वी, डोळ्यांवर टॉवेल टाकून,
कानांत मोजे कोंबून,
तिने जगावं म्हणून.
मी उजवा कान धरून बसले होते.
तापातल्या पोरासारखा गरम होता तो.

पूर्वी गुइबेब दुसऱ्यांसाठी माग काढायचा.
हे त्याने मला सांगितलेलं नाही.
दुष्काळाचं साल होतं, दोन पोती मक्याचं पीठ मिळालं,
असं माझी आई सांगते.
मावशी म्हणते, एकच.

गेंड्याला आमच्या बोलीत जो शब्द आहे
त्याच्या आरंभी जीभ टाळूवर आपटावी लागते
आणि लिहिताना तिथं उद्गारचिन्ह येतं.
शाळेत मी ते शेवटी टाकायचे.
बाई पट्टी आपटायच्या :
आधी! आधी दचकायचं,
जनावर मग.

अकराच्या सुमारास, खडकांमधल्या वाळूच्या पट्टीवर
गुइबेब थांबतो. चांगल्या गुडघ्यावर टेकतो.
तोंड उघडतो, आणि फक्त तो आवाज.
उरलेला शब्द गिळून टाकतो.
मी दुर्बीण उचलते.
तो माझा हात खाली दाबतो.
लांब नाही. इथं.

तिच्या पावलात एक पाऊल.
वाटीएवढं. तीन बोटं,
कडा अजून ढासळायच्यात.
आई पुढे गेली, मग हे, थोडं वाकडं,
मग पुन्हा तिच्या पावलात,
पाण्यातून जाताना दगडावर पाय ठेवावा तसं.

आम्ही किती वेळ तिथं होतो, वहीत नाही.
ती दिसली नाही. धुकं उठलं,
गुइबेबने मोजा झटकला
आणि राख या वेळी पलीकडे गेली, तिच्याकडे.
म्हणजे निघायचं.

प्रत्यक्ष पाहिलं? होय / नाही.
'नाही'भोवती मी गोल काढते.
ठिकाण : अक्षांश, रेखांश.
यंत्रावरचे आकडे मी उतरवू लागते.
गुइबेब पेनाकडे बघतोय,
माझ्याकडे नाही, पेनाकडे.
चौथ्या आकड्याशी माझा हात थांबतो.
खोटं काही लिहिलं नाही मी.
अर्धं लिहिलं.

गाडीत मुहारुकुआ विचारतो, "काही?"
गुइबेब मोज्याला गाठ मारतो,
दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतो.
"दगड," तो म्हणतो.
"पुष्कळ दगड."