मोडायची गाडी

तीस वर्षं मी पोचे काढले.
एसटीनं खरवडलेली दारं, ट्रॅक्टरनं चेपलेली डिकी,
एका नवरदेवानं वरातीआधीच ठोकलेलं बोनेट.
आतून लाकडी ठोकळा, बाहेरून हलकी हातोडी,
पत्र्याला समजावत समजावत जागेवर आणायचं.
आता हेमकांत म्हणतो, काका,
हिला अशी करा
की मोडेल, पण सगळ्यांत शेवटी.

रविवारी जिनिंगच्या आवारात टक्कर आहे.
गाठी गेल्या, मैदान मोकळं,
ट्रॅक्टरच्या टायरांचं रिंगण, अकरा गाड्या.
शेवटपर्यंत जी हलती राहील
तिला एकावन्न हजार आणि एक बोकड.

दिवसा पाना हातात धरवत नाही.
वैशाखात पारोळ्याचं लोखंड चावतं.
म्हणून रात्री,
केळीचे ट्रक बायपासवरून जातात त्यांच्या उजेडात
मी, तौसिफ आणि ही आठशे.
पांढरी होती म्हणतात.

आधी काचा.
रबरात सुतळी घालून हळूहळू ओढत गेलं
की समोरची काच अख्खी सुटते.
तौसिफनं दोन्ही हातांनी झेलली
आणि कुठे ठेवू, कुठे ठेवू करत उभा राहिला.
काचेच्या जागी गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या,
उभ्या पाच.
पेट्रोलची टाकी पोटाखालून काढली,
पाच लिटरचा कॅन आत, माणसाच्या पाठीमागे, पट्ट्यानं आवळून.
बॅटरी शेजारच्या सीटच्या जागी.
बोनेटला भोक, पेटली तर वाळू टाकायला.
दारं वेल्ड.

हेमकांतला एवढंच शिकवलं:
तोंड जप. रेडिएटर तोंडात आहे.
द्यायची ती पाठीनं द्यायची,
रिव्हर्समध्ये, मान वळवून, डोळे उघडे ठेवून.
तो हसला. बावीस वर्षांचा आहे,
रिव्हर्स त्याला अजून आवडत नाही.

सीटखाली सापडलं:
बडीशेपेची पुडी, एक चार आणे,
तापमापीची रिकामी डबी,
कापसाचा बोळा, सरकीसकट.

शुक्रवारी रात्री मंदाकिनी सिस्टर आल्या.
रिटायर होऊन सहा वर्षं, हातात टॉर्च.
भंगारात दिली होती, त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.
गाडीभोवती एक फेरी मारली,
वॉर्डात मारतात तशी.
"एक डाव बसू दे."
"दारं वेल्ड करेल शेतस, सिस्टर."
"मंग खिडकी शे ना."
तौसिफनं स्टूल दिलं.
साठीपलीकडची बाई, पातळ खोचून, आधी पाय, मग कंबर, मग बाकीची,
शिरल्या.

स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या,
मागच्या सीटवर दोघं जन्मली.
एक तामसवाडीच्या फाट्यावर,
एक इथंच, फाटक बंद होतं म्हणून.
मागची सीट कुठंय?

मी दार दाखवलं.
त्या सीटचा फोम कापून
ड्रायव्हरच्या दाराला आतून ठोकलाय,
बरगड्यांना लागू नये म्हणून.
त्यांनी तळवा ठेवला,
मग दोन बोटांनी इकडे तिकडे दाबून पाहिलं
पोट तपासतात तसं,
कान जरा तिरका करून.
"बरोबर आहे," म्हणाल्या.

मग हॉर्न दाबला.
काही नाही.
वायर मी पहिल्याच दिवशी तोडली होती,
टक्करीत हॉर्न कशाला.
त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा दाबला.
म्हणाल्या, रात्री हा वाजला की
घरात आधी चूल पेटायची, पाणी ठेवायला.

खिडकीतून बाहेर काढताना
त्यांची एक चप्पल आत राहिली.
ती काढायला तौसिफ वाकला तेव्हा
मी दुसऱ्या बाजूनं वायर शोधली.
तांब्याची दोन टोकं, काळी पडलेली.
दातांनी सोलली, पीळ दिला, टेप.

दाबला.
एवढीशी गाडी, पण आवाज
पार जिनिंगच्या भिंतीपर्यंत जाऊन आला.
समोरच्या ढाब्यावरचा पोरगा
खाटेवरून दचकून उठला,
डोळे चोळत रस्त्यापर्यंत आला
आणि अंधारात आमच्याकडे बघत विचारतो,
किती जण?