हजेरीवही

डॉक्टर म्हणाला, रोज तीस मिनिटं चाला.
मी म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात
पाय पावडीवरच होते,
तेवढे कोस धरा की हिशोबात.
तो हसला नाही.
चिठ्ठीवर लिहिलं : चालणे.
गोळीच्या नावासारखं, खाली रेघ मारून.

पोरानं पुण्याहून पावलं मोजायचं घड्याळ पाठवलं.
आठ दिवस ते मनगटावर थरथरत राहिलं,
उठा, उठा.
नवव्या दिवशी मी ते टिनाच्या डब्यात ठेवलं,
तिथं माझे तीन जुने धोटे झोपलेत.
बूटही आले. पांढरेफेक,
वरातीत शोभावेत असे.
ते घालून तांडापेठच्या गल्लीतून कोण निघणार?

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही.
गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला.
लागलं काहीच नाही,
पण तेव्हापासून जमीन
एक वीत खाली गेल्यासारखी वाटते.

मग एका संध्याकाळी पंचफुलाबाई मेश्राम दारात.
महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिपाई,
घंटा तीच द्यायची.
बगलेत लांबोडी वही, कानावर लाल पेन.
"काऊन जी डोमाजी, घरात अंडे उबवून रायले का?
नाव लिहिलं तुमचं. पंधरावा नंबर.
उद्या पाच वाजता, नाईक तलावाच्या पाळीवर.
नाही आले त गै पडन."
किती चालायचं?
"पयल्या खांबापर्यंत. मंग बसा. मंग घरी."
एवढंच?
"एवढंच."

एका खांबाला नाही कसं म्हणायचं!

दुसरा खांब पंधरा दिवसांनी आला.
तिसऱ्याला दोन महिने लागले,
कारण तिथला बाक कोणीतरी उचलून नेला होता
आणि बसायला जागा नाही तिथं
गुडघा जायलाच तयार नसतो.
हनीफ अन्सारीनं पडक्या ओट्याची फरशी आणली,
चार विटांवर टेकवली.
तोही मागावरचाच. आम्ही बरोबर चाललो की
पाय आपोआप एका ठेक्यात पडतात,
खट् खुट्, खट् खुट्,
आणि वच्छला नंदनवार मागून ओरडते,
थान किती झालं रे?

परतताना चौकात तर्री-पोहा. अर्धी प्लेट.
डॉक्टरला सांगायचं नाही.

संक्रांतीनंतर मी गेलोच नाही.
ताप नव्हता, थंडीही फारशी नव्हती.
नुसतं अंथरुण. नऊ दिवस.
दहाव्या दिवशी मान खाली घालून वही पाहिली :
नऊ लाल गै
आणि शेवटच्या गैजवळ पेन्सिलीनं, बारीक,
येईल.

चैत्रात पंचफुलाबाईच पडली.
खुब्याचं हाड. मेडिकलमध्ये ऑपरेशन.
ती घरी आली त्या सकाळी
आम्ही चौदा जण वही घेऊन विहारामागच्या तिच्या घरी.
वहीत पहिला नंबर तिचा,
तीन आठवडे रकाना कोरा.
तिच्या नावापुढं लाल पेन टेकवायला
कोणाचा हात धजत नव्हता.

वॉकर भिंतीला. त्यावर टॉवेल वाळत.
"माह्यं झालं आता," ती म्हणाली.
खोलीत कूलरचा आवाज.
हनीफनं स्टूल उचललं,
खाटेपासून चार पावलांवर ठेवलं.
"ये पैला खंबा, बाई."
तिनं त्याला शिवी दिली.
सुनेनं वॉकरवरचा टॉवेल काढला.

एक.
दोन, आणि बराच वेळ काही नाही.
वच्छलानं तोंडावर पदर धरला.
तीन. चार.
बसली. घाम पुसला.
"खांब वाकडा ठेवला तुमी."

मग हात पुढं केला : वही.
स्वतःपुढं तिनं ह लिहिला, मोठा, गोल.
चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं.
"आज पाळीवर कोण कोण गेलं होतं?"
आम्ही गप्प.
तिनं लाल पेनाचं टोपण काढलं
आणि सावकाश, एकालाही न वगळता,
चौदा गै.
माझ्यापुढं पेन्सिलीनं काही लिहिलं नाही.